पॉलिमरायझेशन म्हणजे नक्की काय? बादली ओतणं म्हणजे पॉलिमरायझेशन का?

ताई, तुमचा प्रश्न असा होता की मुलगी बारावीला आहे, वहीत एक ओळ लिहून दिलीय "लहान रेणू जोडून मोठा रेणू बनणे म्हणजे पॉलिमरायझेशन", ती ओळ तिला पाठ आहे पण विज्ञानात हा शब्द नक्की कुठे नि कशासाठी वापरतात ते कळत नाही, आणि प्लास्टिक वितळवून बादल्या करतात तेही पॉलिमरायझेशनच का असं तिने विचारलं. प्रश्न फार चांगला आहे. माझी सव्वीस वर्षं ह्याच कामात गेली, आधी पीव्हीसी आणि नंतर रंगासाठी लागणारं अॅक्रिलिक इमल्शन, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी बादलीचं. नाही, ते पॉलिमरायझेशन नाही. बादलीवाल्याकडे जो दाणा गोणीतून येतो तो आधीच पॉलिमर असतो, पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीई (एक प्रकारचं पॉलिथीन). तो मशीनमध्ये तापवून मऊ करतात, साच्यात दाबतात, गार करतात, झाली बादली. रेणू होते तसेच राहिले, फक्त आकार बदलला, मेण वितळवून मेणबत्ती ओततो तसं. पॉलिमरायझेशन त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेलं असतं, नागोठण्यासारख्या पेट्रोकेमिकल कारखान्यात, जिथे वायू आत जातो आणि घन दाणा बाहेर येतो. म्हणजे पॉलिमरायझेशन हे रासायनिक घटनेचं नाव आहे, वस्तूचं नाही आणि आकार देण्याचंही नाही. वहीतली ओळ चूक नाही, पण ही घटना सुरू कशी होते, थांबते कशी, आणि होताना उष्णता किती बाहेर पडते, हे तीन प्रश्न ती ओळ गाळते. कारखान्यात आम्ही दिवसभर ह्या तीनच प्रश्नांशी झगडत असतो, आणि माझ्या मते शब्दाचा खरा अर्थही तिथेच आहे.

सुरू कशी होते ते सांगतो. लहानपणी साखळीचा खेळ खेळलोय आपण सगळे. एकावर राज्य, तो ज्याला पकडेल त्याने त्याचा हात धरायचा, मग दोघांनी मिळून तिसऱ्याला पकडायचं, असं करत साखळी लांबत जाते. आता बघा, मैदानात पन्नास पोरं आहेत पण त्यांची आपापसात साखळी होत नाही, साखळी फक्त राज्य असलेल्याकडूनच वाढते, आणि पकडायची ताकद फक्त टोकाच्या मोकळ्या हातात असते, मधल्यांचे दोन्ही हात अडकलेले. इथिलीन, स्टायरीन, व्हिनाइल क्लोराइड ह्यांचं पॉलिमरायझेशन जवळपास असंच चालतं, फरक एवढाच की खेळात दोन्ही टोकं पकडू शकतात आणि इथे बहुतेक वेळा एकच टोक जिवंत असतं. राज्य देणारा तो इनिशिएटर, बहुतेकदा एखादं पेरॉक्साइड, जे गरम केलं की तुटतं आणि एकटा इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारे तुकडे देतं. तो तुकडा मोनोमरच्या, म्हणजे जोडल्या जाणाऱ्या लहान रेणूच्या, डबल बाँडला (दोन कार्बन अणूंमधल्या दुहेरी बंधाला) धडकतो, डबल बाँडमधला एक बंध सुटतो, तुकडा तिथे चिकटतो आणि एकटा इलेक्ट्रॉन आता नव्या टोकावर जातो. मग पुढचा मोनोमर, मग त्याच्या पुढचा. अशी एक साखळी साधारण सेकंदभर जगते आणि तेवढ्या वेळात हजारांच्या घरात कड्या जोडून मोकळी होते. रिअॅक्टरच्या, म्हणजे ज्या बंद भांड्यात हे चालतं त्याच्या, काचेतून बघताना सहा-सात तास संथ चाललंय असं वाटतं, पण प्रत्येक साखळी सेकंदात जन्मून सेकंदात संपत असते, आणि बॅच अर्ध्यावर असताना आत अर्धवट लांबीच्या साखळ्या नसतात, तर पूर्ण झालेल्या साखळ्या आणि अजून हात न लागलेला मोनोमर असं मिश्रण असतं. हे विद्यार्थ्यांना नीट सांगितलंच जात नाही आणि नोकरीला लागलेल्या पोरांनाही पहिलं वर्षभर चुकीचं वाटत असतं.

थांबते कशी? दोन जिवंत टोकं एकमेकांना भेटली की दोन्ही मरतात, किंवा टोक आपली ताकद दुसऱ्या कुठल्यातरी रेणूला देऊन स्वतः थंड होतं. पीव्हीसीत हे दुसरं फार महत्त्वाचं, कारण तिथे टोक आपली ताकद मोनोमरलाच देऊन टाकतं, आणि हे किती वेळा घडेल ते तापमानावर ठरतं. म्हणून पीव्हीसीचा ग्रेड आम्ही मुख्यतः रिअॅक्टरच्या तापमानाने पकडतो, गरम चालवलं तर साखळ्या आखूड, गार चालवलं तर लांब. शेतातल्या पाइपसाठी जो के-व्हॅल्यू (साखळीच्या लांबीचं माप) 67 चा रेझिन, म्हणजे पीव्हीसीची पूड, लागतो तो साधारण 57 अंशांच्या आसपास होतो, आणि दोन अंश इकडेतिकडे झाले की ग्राहकाचा फोन. बाहेरच्या माणसाला दोन अंश म्हणजे काहीच वाटत नाही.

जाता जाता एक. फायबरच्या वर्कशॉपमध्ये, कोकणात आणि गोव्यात जिथे फायबरच्या होड्या बनवतात तिथे, रेझिनमध्ये थेंब थेंब घालतात त्या पेरॉक्साइडला सगळे कॅटॅलिस्ट म्हणतात. तो कॅटॅलिस्ट नाही, इनिशिएटर आहे. कॅटॅलिस्ट शेवटी जसाच्या तसा उरतो, इनिशिएटर खर्च होतो, त्याचा तुकडा साखळीच्या टोकाला कायमचा बसतो. परीक्षेत ह्यावर मार्क जातात म्हणून सांगितलं, आणि वर्कशॉपमध्ये कुणी ओळखीचं असेल तर त्याला एवढं नक्की सांगा की ते पेरॉक्साइड आणि रिअॅक्शनला वेग देणारा जांभळा कोबाल्ट अॅक्सिलरेटर हे दोन एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा आणि मगच दुसरा, नाहीतर तिथल्या तिथे भडका उडतो.

आता उष्णता. डबल बाँडमधला कमजोर बंध जातो आणि त्याजागी मजबूत सिंगल बंध येतो, ह्या सौद्यात जी ऊर्जा वाचते ती उष्णता म्हणून बाहेर पडते. 1 किलो व्हिनाइल क्लोराइडचं पीव्हीसी होताना सुमारे 1500 किलोज्यूल उष्णता सुटते, म्हणजे साडेचार किलो पाणी 20 अंशांवरून उकळीला आणण्याएवढी. इथिलीनचं पॉलिथीन होताना किलोमागे त्याच्या दुपटीहून जास्त. आता रिअॅक्टरमध्ये एका वेळी कित्येक टन मोनोमर असतो हे डोळ्यासमोर आणा. ही उष्णता जितक्या वेगाने तयार होते तितक्याच वेगाने रिअॅक्टरभोवतीच्या जॅकेटमधल्या थंड पाण्याने ओढून न्यावी लागते, जरा मागे पडलात तर तापमान चढतं, तापमान चढलं की रिअॅक्शन अजून जोरात, की अजून उष्णता. ह्याला रनअवे म्हणतात. अॅक्रिलिक शीटच्या मोनोमरमध्ये तर आणखी एक भानगड असते, माल जसजसा घट्ट होतो तसतशी जिवंत टोकं त्या दाट मधासारख्या मालात अडकून एकमेकांना भेटेनाशी होतात, म्हणजे मरायची थांबतात, पण छोटा मोनोमर मात्र त्यांच्यापर्यंत आरामात पोचत राहतो, त्यामुळे ज्या वेळी रिअॅक्शन मंदावायला हवी नेमकी त्याच वेळी ती उसळी मारते. पीव्हीसी पाण्यात ढवळून बारीक थेंबांच्या स्वरूपात करतात ते ह्याचसाठी, प्रत्येक थेंब म्हणजे एक छोटा रिअॅक्टर आणि भोवतीचं पाणी त्याची उष्णता लगेच पळवतं. ढवळणारं अॅजिटेटर बंद पडलं, लाइट गेली, तर शिफ्ट इनचार्ज पहिल्यांदा शॉर्टस्टॉपकडे धावतो, म्हणजे जिवंत टोकं मारून टाकणारं रसायन आत सोडतो. बॅच वाया जाते, जाऊ दे.

ह्यावरून मी नवीन असतानाची एक रात्र सांगतो. पुण्याजवळच्या एका एमआयडीसीत होतो, जानेवारीचा महिना, पहाटे पारा आठ-नऊवर. अॅक्रिलिक अॅसिड साडेतेरा अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे बाहेर ठेवलेली काही ड्रम गोठली होती. सकाळच्या बॅचला माल हवा म्हणून एका अनुभवी हेल्परने ड्रमला स्टीमचा होज लावला, वर्षानुवर्षं मेण असंच वितळवायचे ना. अर्ध्या तासात ड्रमचा तळ फुगून गोल झाला आणि आतून गुरगुर ऐकू यायला लागली. आम्ही सगळे पळालो, लांबून फायर हायड्रंटचं पाणी तासभर मारत राहिलो, सुदैवाने ड्रम फुटला नाही. माझ्या हाताला नंतर कितीतरी वेळ कंप होता. झालं असं की अॅक्रिलिक अॅसिडमध्ये ते आपणहून पॉलिमराइझ होऊ नये म्हणून थोडासा इनहिबिटर घातलेला असतो, पण गोठताना स्फटिक शुद्ध मोनोमरचे बनतात आणि इनहिबिटर बाजूला उरलेल्या द्रवात ढकलला जातो. म्हणजे स्टीमने जो भाग आधी वितळला त्यात पहारेकरीच नव्हता, आणि वरून शंभर अंशांची आच. योग्य पद्धत म्हणजे 25-30 अंशांच्या खोलीत ठेवायचं, हळूहळू वितळू द्यायचं, मधून मधून हलवायचं, मग कितीही वेळ लागो. आणि अजून एक उलटी वाटणारी गोष्ट, हा इनहिबिटर काम करतो तो मालात विरघळलेल्या हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने, म्हणून टाकीवर शुद्ध नायट्रोजन सोडायचा नाही. बाकी ज्वालाग्राही द्रवांना नायट्रोजन म्हणजे सुरक्षितता, इथे तोच घात करतो.

7 मे 2020 ची पहाट आठवत असेल. विशाखापट्टणमला लॉकडाऊनमध्ये बंद असलेल्या कारखान्यातली स्टायरीनची टाकी. स्टायरीन तर कोणी काही न करता, नुसत्या उष्णतेनेही हळूहळू पॉलिमराइझ होतं, म्हणून त्याला गार ठेवायचं आणि इनहिबिटरचं प्रमाण सतत तपासायचं असतं. ते सांभाळलं गेलं नाही, आत रिअॅक्शनने वेग घेतला, उष्णतेने उरलेलं स्टायरीन उकळून वाफ झाली आणि झोपलेल्या वस्तीवर गेली, 12 माणसं गेली. बातम्यांत "गॅस गळती" म्हणाले, पाइप फुटल्यासारखं. खरा शब्द होता पॉलिमरायझेशन, जे कोणी सुरू केलं नव्हतं आणि कोणी थांबवलं नाही. तुमच्या मुलीला हा शब्द कशासाठी शिकायचा असं वाटलं तर मी हे उदाहरण आधी सांगेन.

आता दुसरा प्रकार, कारण सगळंच साखळीच्या खेळासारखं नसतं. पॉलिएस्टर, नायलॉन, एम-सील ह्यांच्यात राज्य कोणावरच नसतं, प्रत्येक रेणूला दोन हात आणि कोणीही कोणाचाही हात धरू शकतो. आधी जोड्या होतात, मग जोडी जोडीला भेटून चौघं, मग आठ. बहुतेक वेळा प्रत्येक जोडणीला एखादा छोटा रेणू, पाणी वगैरे, बाहेर पडतो, एम-सीलच्या इपॉक्सीत मात्र पडत नाही. इथली गंमत आकड्यांत आहे. 95 टक्के हात जोडले गेले तरी सरासरी साखळी फक्त 20 कड्यांची, ती म्हणजे ठिसूळ खडाच. 99 टक्क्यांना 100 कड्या, साडेनव्व्याण्णवला 200. म्हणजे सगळा जीव शेवटच्या एक टक्क्यात. पाण्याच्या बाटलीच्या पेट (PET) ह्या पॉलिएस्टरला शंभराच्या वर कड्या लागतात, म्हणून 280 अंशांच्या आसपास, जोरदार व्हॅक्यूम लावून, बाहेर पडणारं ग्लायकॉल ओढून काढत बसावं लागतं, ते आत राहिलं तर रिअॅक्शन उलटी फिरते. आणि हीच उलटी रिअॅक्शन बाटलीवाल्याला छळते, पेटचा दाणा ओला राहिला आणि तसाच मशीनला लावला तर गरम पाण्याने साखळ्या तुटतात, म्हणून आधी 160-170 अंशांवर तासन् तास वाळवतात. बघा, बादली-बाटली ओतणं म्हणजे पॉलिमरायझेशन नाही म्हटलं, पण ओतताना पॉलिमरायझेशन उलटं मात्र होऊ शकतं.

आपल्या घरात कुठे होतं? स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनवर जो पिवळा चिकट थर बसतो, साबणाने घासून हात दुखतात पण निघत नाही, ते तेल आता तेल राहिलेलंच नसतं, हवेतल्या ऑक्सिजनने त्याचे रेणू एकमेकांत विणले गेलेत. बिडाचा तवा तेल लावून तापवून तापवून काळा गुळगुळीत होतो तेही हेच. जवसाचं तेल ह्यात सगळ्यात पटाईत, म्हणून ऑइल पेंटमध्ये तेच, करडई नि सूर्यफूल त्याच्या मागे, आणि खोबरेल जवळपास नाहीच, कारण त्यात डबल बाँड फार कमी. फेव्हिक्विक बोटाला लगेच चिकटतं कारण त्याला राज्य देतो तो आपल्या त्वचेवरचा ओलावा, सुती कापडावर सांडलं तर चटका बसेल इतकं तापतं. डेंटिस्ट दातात पांढरं सिमेंट भरून निळा लाइट मारतो तो लाइट म्हणजे इनिशिएटर तोडायचं साधन. आणि जे नाही तेही सांगतो, दही लागणं पॉलिमरायझेशन नाही, अंडं उकडणं नाही, गणपतीच्या मूर्तीचं प्लास्टर घट्ट होणं नाही, ते पाणी घेऊन स्फटिक बनणं आहे. रबरात गंधक घालून तापवणं हेही नाही, रबराच्या लांब साखळ्या झाडानेच करून दिलेल्या असतात, गंधक त्यांच्यात आडवे टाके घालतो.

शब्दाचा इतिहास थोडक्यात. मराठीत बहुवारिकीकरण म्हणतात, मोनोमर म्हणजे एकवारिक, शब्द छान आहेत पण कारखान्यात कोणी वापरत नाही. ग्रीकमध्ये पॉली म्हणजे अनेक, मेरोस म्हणजे भाग. पॉलिमरिक हा शब्द स्वीडनच्या बर्झेलियसने 1833 च्या सुमारास वापरला तेव्हा अर्थ वेगळाच होता, घटकांचं प्रमाण तेच पण रेणू पटीने मोठा, एवढंच. खरोखरच हजारो अणूंची सलग साखळी असते हे जर्मनीच्या हर्मान श्टाउडिंगरने 1920 मध्ये मांडलं तेव्हा मोठमोठ्या केमिस्टांनी मानलं नाही, ते म्हणत छोटेच रेणू गोळा होऊन बसलेत. त्याला नोबेल मिळायला 1953 उजाडलं. आणि आपण आधी मालच बनवत होतो हे लक्षात घ्या, बेकलाइट 1907 चं, म्हणजे काय बनवतोय हे नीट कळायच्या आधी. पॉलिथीनही 1933 मध्ये इंग्लंडात अपघाताने सापडलं, प्रचंड दाबाखाली वेगळीच रिअॅक्शन करायला गेले आणि भांड्यात पांढरं मेण मिळालं.

जीवशास्त्रात हा शब्द जास्त सैल वापरतात आणि मुलीचा गोंधळ तिथेही होईल. कोविडमध्ये जो आरटी-पीसीआर केला त्यातला पी म्हणजे पॉलिमरेज, डीएनएची साखळी एक एक कडी जोडून बनवणारं एन्झाइम, 30 फेऱ्यांत एका प्रतीच्या सुमारे 107 कोटी प्रती. हे खरं पॉलिमरायझेशन, पक्के बंध बनतात. पण पीसीआरमधला "चेन रिअॅक्शन" हा दुपटीचा आहे, माझ्या वरच्या साखळीचा नाही. दुसरीकडे पेशीतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे रेणू एकावर एक रचून नळ्या बनतात त्यालाही पॉलिमरायझेशनच म्हणतात, तिथे पक्के बंध नसतात, विटा सिमेंटशिवाय रचल्यासारखं, हवं तेव्हा सुटतात. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारी विन्क्रिस्टिनसारखी कॅन्सरची औषधं हेच रचणं अडवतात, मग पेशीला विभागता येत नाही. आणि आपल्या नंदुरबार, गडचिरोलीकडे इतकी घरं पोळलीत तो सिकलसेल, तोही डॉक्टरांच्या भाषेत पॉलिमरायझेशनचाच आजार. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागेवर एक अमिनो आम्ल बदललेलं, त्यामुळे ऑक्सिजन सोडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब ताठ दोरे बनतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने रुग्णाच्या रक्तात, आपण गर्भात असताना असतं त्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढतं, ते ह्या दोऱ्यात बसत नाही म्हणून दोरा लांबत नाही. म्हणजे बघा, पेरॉक्साइड नाही, रिअॅक्टर नाही, तरी प्रश्न तोच, सुरू कशाने होतं आणि थांबवायचं कसं.

मुलीला नुसतं वाचून कळणार नाही, हातात दाखवा. स्टीलच्या दोन ताटल्या घ्या, एकीवर जवसाचं तेल आणि दुसरीवर खोबरेल, दोन्ही अगदी पातळ, बोटाने पुसल्यासारखं, आणि खिडकीत ठेवा. आठ-दहा दिवसांनी बोट लावून बघा, खोबरेल अजून तेलच असेल आणि जवसावर कोरडी पापडी धरलेली असेल. फक्त जवस पुसलेलं सुती फडकं चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, तेल वाळताना सुटणारी उष्णता घडीत कोंडली की फडकं आपणहून पेटतं. ते पाण्यात बुडवा किंवा दोरीवर मोकळं वाळत घाला.